पहिलं गिऱ्हाईक

नोकरी सोडली तेव्हा मी थकले होते, एवढंच खरं. ‘स्वतःचं काहीतरी करायचंय’ हे मागाहून लोकांना सांगायला जोडलं. अकरा वर्षं सॉफ्टवेअर कंपनीत काढली, त्यातली शेवटची चार लखनौला आईबाबांकडे राहून, घरूनच. मॅनेजर दिवसातून चारदा ‘एनी अपडेट?’ विचारायचा. शेवटी शेवटी फोन नुसता वाजला तरी दचकून उठायचे. एका सकाळी लॅपटॉप उघडला आणि रडायलाच लागले. त्याच आठवड्यात राजीनामा दिला.

बाबा लखनौतच, मानक नगरला रेल्वेत इंजिनिअर होते, लागले त्याच ऑफिसातून निवृत्त झाले. मला ते काही बोलले नाहीत, पण शेजाऱ्यांना ‘छुट्टी पे है’ सांगत राहिले. याचा मला भयंकर राग यायचा. एक तरी गिऱ्हाईक मिळवून दाखवायचं, या हट्टावर मी पुन्हा कामाला बसले. अंगात त्राण नव्हतं, हट्ट तेवढा होता.

जवळच तेलीबागेत चिकनकारीच्या कुर्त्यांचं दुकान असलेले एक भाईसाहब भेटले. नक्षी छापलेलं कापड बायका घरी नेतात आणि भरतकाम करून परत आणतात. कुठला कुर्ता कोणाकडे अडकलाय, हे त्यांना वही उलटून शोधत बसावं लागे. मी दोन महिने खपून एक ॲप केलं. कारीगर बायकांना आठवणीचे मेसेज आपोआप जातील, अशीही सोय केली. महिनाभर वापरून बघायचं, पटलं तर घ्यायचं, असं ठरलं. भाईसाहब खूश. ‘मैडम, कमाल कर दिया आपने.’ घरी सांगितलं तर आई म्हणाली, ‘चला, देव पावला. आता नीट जेव तरी.’

तिसऱ्या आठवड्यात भाईसाहबांचा फोन. त्यांची सगळ्यात जुनी कारीगर फोन बंद करून बसली होती. ‘ऐप बिगड़ा है क्या? ज़रा देख लीजिए.’

मी पत्ता घेऊन गेले. साठीची बाई, उजेडासाठी दारातच कुर्ता घेऊन बसलेली. दुकानातून आले म्हटल्याबरोबर ती उठून उभी राहिली. ‘बस बाँह रह गई है, मैडम. आँख आ गई थी, दो दिन बैठ नहीं पाए. परसों पक्का दे देंगे.’

मी काही विचारलंच नव्हतं. मॅनेजरचा कॉल आला की मीही अशीच, त्यानं विचारायच्या आत, खुलासे द्यायला लागायचे.

तिचा फोन चालू केला. एकाखाली एक मेसेज: ‘काम कहाँ तक पहुँचा?’ रोज चार. शब्द माझे, वेळाही मीच लावलेल्या. लावताना काही खटकलंसुद्धा नव्हतं. काम असंच करून घेतात, एवढंच मी अकरा वर्षांत शिकले होते. मला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती.

तिथंच उंबऱ्यावर बसून मी सगळ्याच बायकांचे मेसेज बंद केले आणि भाईसाहबांना फोन लावला.

‘वही तो असली चीज़ थी, मैडम,’ ते म्हणाले. ‘बाक़ी तो मेरी बही में भी लिखा रहता है. उसे चालू रखिए, तभी लेंगे.’

मी नाही म्हटलं. गिऱ्हाईक गेलं. बाबा आता शेजाऱ्यांना ‘छुट्टी पे है’च सांगत राहणार होते.

‘अम्मा, अब कोई नहीं पूछेगा,’ मी बाईला म्हटलं.

तिनं मान डोलावली. मी चपला घालेपर्यंत ती उभीच होती. ‘परसों पक्का, मैडम,’ ती म्हणाली.