फुमिएचा डावा हात

फुमिए सोएजिमा आखाड्यात उतरली की पुढच्या दोन रांगा आपणहून मागे सरकायच्या. जपानमधल्या साकाईच्या भंगारवाल्याची ही मुलगी. बायकांच्या कुस्तीच्या कंपनीत तिचं काम खलनायिकेचं. साखळीने बडव, बांबूच्या तलवारीने फोड, समोरच्या गोडगोड पोरीचे केस धरून तिला खांबावर आपट, आणि हजारो शाळकरी मुलींच्या शिव्या खा. जिंकणार कोण हे आधी ठरलेलं असे, हे खरं. पण मार खोटा असतो म्हणणाऱ्याने एकदा तिच्या हाताखालून जाऊन यावं. बत्तीशी घशात घेऊन परत येईल.

चिनात्सु तिच्या हाताखाली आली ती पंधराव्या वर्षी. फुमिएने तिला पहिले तीन महिने एकच शिकवलं: पडायचं कसं. छातीवर चापट मारायची आणि पाठीवर पाडायची, दिवसातून शंभर वेळा. पोरगी रडली की आणखी वीस. "नीट पडता येत नाही तिने दुसऱ्याला पाडायचं नाव काढू नये," असं फुमिए म्हणायची. चिनात्सु तिचे कपडे धुवायची, भात वाढायची, कुस्तीआधी मनगटांना पट्ट्या बांधायची. पट्ट्या बांधता बांधताच तिला कळलं की ताईच्या डाव्या हाताला नाडी जवळजवळ लागतच नाही.

फुमिएला ते आधीपासून ठाऊक होतं. एकविसाव्या वर्षी औषधाच्या दुकानातल्या यंत्रात तिने गंमत म्हणून उजवा हात घातला, तर रक्तदाब दोनशे. डावा घातला, तर शंभर. यंत्र बिघडलंय म्हणून ती हसली. पण त्या दिवसापासून कुस्तीआधी तपासायला येणाऱ्या म्हाताऱ्या डॉक्टरपुढे तिने डावाच हात धरला. बाकीच्या पोरींचा दाब भीतीने चढलेला, हिचा आपला शंभर! मालकाने जाहिरातीत छापलं, 'थंड रक्ताची राक्षसीण'. फुमिए ते कौतुकाने मिरवायची. सव्विसाव्या वर्षी कंपनी सगळ्यांनाच घरी बसवायची, त्याला आता दीड वर्ष उरलं होतं. त्यातला एक दिवसही तिला कुणाला द्यायचा नव्हता.

मग नाकातून रक्त यायला लागलं. डोकं घणाचे घाव बसल्यासारखं ठणकायचं. एकदा जिना उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली. चिनात्सुने हात जोडले, "ताई, एकदा उजवा दाखव ना." फुमिएने तिच्या थोबाडीत अशी वाजवली की पोरीचा ओठ फाटला. मालकाच्या कानावर गेलं तर दात हातात देईन, हेही सांगून ठेवलं.

नागोयाला रविवारी दुपारी दोघींचीच कुस्ती लागली. फुमिएने ठरल्याप्रमाणे स्वतःच्याच कपाळावर ब्लेडची बारीक रेघ ओढली. एरवी रक्त ओघळायचं, त्या दिवशी चिळकांडी उडाली आणि पंचाचा सदरा भिजला. लोक पिसाळले. फुमिएलाही चेव चढला. तिने चिनात्सुला टेबलावर आपटलं, टेबल मोडलं, त्याच्याच फळीने तिची पाठ सोलली. शेवटी चिनात्सुने तिचा डावा हात पायांत धरून पिरगाळायचा आणि फुमिएने सुटायचं, असं ठरलेलं होतं.

चिनात्सुने सोडलंच नाही. तिने कानाशी तोंड नेलं.

"ताई, माफ कर. आता त्यांना उजवाच बघावा लागेल."

आणि कंबर उचलून तिने कोपराच्या वरचं हाड मोडलं. फुमिएला आधी आवाज ऐकू आला, दुखलं नंतर.

इस्पितळात डाव्या हाताला हात लावायची सोय नव्हती. तरुण डॉक्टरीणबाईने पट्टा उजव्याला बांधला. दोनशे छत्तीस. तिने सोडून पुन्हा बांधला, मग मांडीला बांधला, मग पोटावर नळी टेकवून बराच वेळ ऐकत राहिली. पुढच्या तपासण्यांनंतर तिने सांगितलं ते असं: मोठ्या रक्तवाहिन्या आतून सुजून अरुंद होण्याचा हा आजार. डाव्या हाताची वाट जवळजवळ बंद, म्हणून तिथला आकडा खोटा. उजव्या मूत्रपिंडाची वाहिनी गव्हाच्या काडीएवढी उरलेली. त्याला रक्त पुरेना, म्हणून ते अख्ख्या अंगाचा दाब वाढवत सुटलेलं. अजून दोन-तीन कुस्त्या, आणि डोक्यातली शीर फुटली असती.

महिनाभर गोळ्यांनी सूज उतरवली. मग जांघेतून तार सरकवून त्या काडीत इवलासा फुगा फुगवला. दाब दीडशेवर आला. गोळ्यांनी तोंड मात्र भोपळ्यासारखं सुजलं. फुमिएने आरसाच फोडला.

मालक खरबूज घेऊन भेटायला आला. म्हणाला, त्या कार्टीला हाकललं, जाण्याआधी पोरींनी कपडे बदलायच्या खोलीत तिला चांगली तुडवली, आता तिला कुठलीच कंपनी उभी करणार नाही. वरच्या ताईचा हात मुद्दाम मोडणारीला दुसरी शिक्षा नव्हती. फुमिएच्या जिभेवर आलं होतं. पण खरं सांगायचं तर तीन वर्षांची आपली लबाडीही सांगावी लागणार होती. तिने खरबूज खाल्लं आणि गप्प बसली. एवढ्या बायकांना रक्तबंबाळ करणारी ही वाघीण त्या दिवशी शेळी झाली, आणि पुढे दोन महिने शेळीच राहिली.

फुमिएची कुस्ती आता संपली होती. कुस्ती सोडणारीला निरोपाच्या दिवशी आखाड्यात घंटेचे दहा टोले द्यायची रीत. घंटेवाल्याने हातोडी उचलली, तोच फुमिएने त्याला थांबवलं. म्हाताऱ्या डॉक्टरला दोरांच्या आत बोलावलं आणि सगळ्यांदेखत दोन्ही हात मोजायला लावले. डावा पंचाण्णव. उजवा एकशे अठ्ठेचाळीस.

"ह्या माणसाला मी तीन वर्षं फसवलं," ती माइकवर म्हणाली. "माझा हात मोडणारीने माझा जीव वाचवला. हे मला इस्पितळातच कळलं होतं. तरी मी तिला हाकलू दिलं. चिनात्सु, तिकीट काढून बसलीयस ना? वर ये."

चिनात्सु आली. भुवईवर टाक्यांचा व्रण होता. शिकवल्याप्रमाणे हात पाठीमागे घेऊन, छाती पुढे काढून ती उभी राहिली. फुमिएने डावा उचलला, तोच मोडलेला. तो खांद्यापर्यंत जेमतेम पोचला, आणि चिनात्सुच्या छातीवर नुसता टेकला. त्याने माशीसुद्धा मेली नसती.

चिनात्सु पाठीवर धाडकन पडली. तीन महिने शिकवलं होतं, अगदी तशी.