खदानीवरची येळवस

मी लातूरला भूगोल शिकवते, त्यामुळे जुना नकाशा दिसला की माझा जीव त्यात अडकतो. रेणापूरकडच्या आमच्या शिवाराचा निजामाच्या काळातला नकाशा इंटरनेटवर सापडला, तेव्हा आधी आमचं शेत शोधलं. ओढा जागच्या जागी होता. आणि ज्या तुकड्यात भाऊ घर बांधणार होता, तिथं दगडाच्या खदानीची खूण होती. आज तिथं सपाट काळी माती आहे.

खदान कुणी बुजवली, वडिलांनाही ठाऊक नव्हतं. पण येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, आम्ही पिकावर आंबील शिंपत शेताला फेरी घालतो, ती त्याच तुकड्याला वळसा घालून जायची. लहानपणी मी कारण विचारलं होतं. "माझा बाप वळायचा, म्हनून म्या वळतो," म्हणाले. आता नकाशा बघून अंगावर काटा आला.

भावाला मात्र हसू आलं. गावातल्या दोन खोल्यांत सगळ्यांचा कोंडमारा होत होता, घर हवंच होतं. "बुजल्याल्या खड्ड्याला काय भ्यायचं? पाया खोल घिऊ," म्हणाला. या येळवशीला त्यानं वडिलांच्या हातातून आंबिलीचं मडकं घेतलं आणि सरळ त्या तुकड्यात शिरला. ज्वारी डोक्याच्या वर. क्षणात दिसेनासा झाला.

पुढच्यानं ललकारी द्यायची, मागच्यांनी साथ द्यायची, अशी रीत. त्यानं आतून ललकारी दिली, आम्ही बांधावरून साथ दिली. आम्ही थांबलो आणि तीच साथ पुन्हा आली, जमिनीखालून. प्रतिध्वनी असेल, खाली पोकळी असेल, मी स्वतःला समजावलं. त्यानं दुसरी ललकारी दिली. या वेळी आमच्यापैकी कुणाच्याच तोंडून शब्द फुटला नाही. साथ तरीही आली, पुष्कळ माणसांची.

भूगोल गेला चुलीत. मी किंचाळले, "दादा, माघारी ये!" ज्वारी हलली नाही. पुन्हा हाक मारली, तेव्हा तो भलत्याच बाजूनं बाहेर आला. चेहरा पांढराफटक.

"तू हितं हायस?" तो म्हणाला. "मंग आतून कोन बोलवायलं हुतं? तुजाच आवाज हाय म्हनून म्या तिकडंच निगालो हुतो."

घर आता सडकेला लागून होतंय. शेतात मी जेवायला हाक मारली, की भाऊ मान वर करून माझ्या ओठांकडं बघतो. मी त्याला दिसेल अशी पुन्हा हाक मारते. मग ओ देतो.