गाडीला सावली

नव्या रंगाचा वास आला की मला आई गेली तो दिवस आठवतो आणि अजून अंगाचा तिळपापड होतो. वरकुट्याला माझ्या माहेरी दादानं जुनं घर ओसरीसकट पाडून बंगला बांधला होता आणि त्याची वास्तुशांत होऊन जेमतेम महिना झाला होता. बारामतीच्या आर्किटेक्टनं पुढं गाडीसाठी पोर्च काढला, त्यामागं काचेची भिंत, आत पांढऱ्या फरशीचा हॉल. चार माणसं टेकतील अशी जागा त्या शहाण्याला सुचलीच नव्हती. आमच्याकडं दुखवट्याला आलेला माणूस घरात न शिरता ओसरीवर खाली बसतो, जरा वेळ गप्प राहतो आणि चहाही न घेता उठतो. त्या दिवशी अख्खा गाव आला आणि फाटकाबाहेर डांबरावर उन्हात बसला. पोर्चच्या सावलीत गाडी होती. "आत या की आबा, सोफा हाय," दादा शेजारच्या म्हाताऱ्या आबांना म्हणाला. आबांनी टोपी काढून घाम पुसला. "दुखवट्याला सोफ्यावं बसत्यात व्हय रं? ती गाडी काढ, आमी तितं बसतो." दादा म्हणाला, "उन्हानं रंग जातो, आबा." आबांनी टोपी परत डोक्यावर घातली आणि माझं आईसाठी आलेलं रडू तिथंच आटलं. परवा माझ्या जळोचीच्या प्लॉटसाठी दादानं तोच आर्किटेक्ट सुचवला, घर कसं झोकात होईल म्हणाला. "ते ऱ्हाऊ दे," मी म्हणाले, "तुझ्या दुखवट्याला मी कुठं बसू, तेवढं सांग."