बबनअण्णांनी शोधलेले तीन निवाडे

अण्णा गेल्याचा मेसेज वाचून मला आधी हायसं वाटलं.

एकमेव साक्षीदार गेला.

मग स्वतःचीच शिसारी आली.

बबनअण्णा म्हणजे जुन्नर कोर्टातल्या आमच्या बाररूमची लायब्ररी सांभाळणारा माणूस. शिक्षण नववी. निवाड्यांच्या जाडजूड खंडांची सूची मात्र तोंडपाठ.

दोन हजार चार-पाचच्या सुमारास मी कम्प्युटर आणि निवाड्यांची सीडी घेतली. अण्णांना ऐकवलं, "तुमची कपाटं आता रद्दीत घाला."

"घालू की. पण साहेब, त्या मशिनीला इचारायचं कसं, तेवढं शिका."

मी? शिकणार? मी एलएलबी!

पिंपरी पेंढारच्या हिराबाई माझ्या अशील. नवरा वारलेला. वाटणीत मागचं वावर त्यांना आलं, आणि पुढच्या वावरातून जाणारा रस्ता दिरानं काटे टाकून बंद केला.

मी ऐटीत टाइप केलं, 'ब्रदर-इन-लॉ क्लोज्ड रोड टू फील्ड.' बाई बोलल्या तस्सं.

रिझल्ट शून्य.

"मशिनीत न्हाई म्हंजी कायद्यातच न्हाई का वो, साहेब?" हिराबाईंनी विचारलं.

"कायद्यातच नाही," मी म्हणालो.

पुढच्या तारखेला त्यांनी तडजोडीवर अंगठा दिला. दिराच्या वावरातून फक्त पेरणीला आणि काढणीला जायचं, तेही विचारून. एरवी ओढ्यातून वळसा.

चार दिवसांनी अण्णांनी माझ्यापुढे चिठ्ठी ठेवली. तीन निवाडे. तिन्ही बाईंच्या बाजूचे.

"बाईची भाषा टाकली तुमी. जज असं लिहितो व्हय? 'ईझमेंट ऑफ नेसेसिटी' टाकायचं. वाटणीनं कोंडलेल्या वावराला रस्ता मिळतो. आन् शून्य आलं तर आपला शब्द बदलायचा, साहेब. बाईचा रस्ता नाय."

मी चिठ्ठीची घडी करून खिशात घातली.

"तिला खरं सांगा. दुसरा वकील तरी बघंल ती."

"बघतो," मी म्हणालो.

वकिलाचं 'बघतो' अण्णांनी आयुष्यभर ऐकलेलं. पुन्हा विचारलं नाही. कुणाला सांगितलंही नाही. रोज चहा मात्र आणून देत राहिले. मी तो पीत राहिलो.

हिराबाई आजही ओढ्यातून जातात. त्यांचा मुलगा संतोष माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे. जगाच्या चुकांवर मी मारलेल्या प्रत्येक टोमण्याला हसरा इमोजी टाकतो.

संतोष, कायदा तुझ्या आईच्या बाजूनं होता. मला शोधता आलं नाही. कळल्यावर मी लपवलं.

या पोस्टला लाईक करू नकोस. आईला वाचून दाखव. मग काय बोलायचं ते घरी येऊन बोल.

अण्णा, श्रद्धांजली म्हणायला तोंड नाही.

नमस्कार करतो.