भस्माच्या डबीचं झाकण

शांतम्माच्या घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता, आणि आला तो मुलाच्याच पिशवीतून. वीरभद्र सेलूच्या शाळेत विज्ञानाचा मास्तर होता, तोही हंगामी. शनिवारी तपासणीला शाळाखात्याचे मोहतमीम साहेब येणार होते. त्यांच्यासमोर प्रयोग नीट झाला तर नोकरी कायम. नाहीतर मायलेकांनी गाशा गुंडाळून वालूरला जायचं आणि चुलत्याच्या दुकानात मिरच्या जोखत बसायचं. शाळेची आठवड्याची सुट्टी शुक्रवारी, म्हणून त्या दिवशी सराव घरी.

"दारू न्हाई अव्वा, स्पिरिट हाय. जाळायचं, प्यायचं न्हाई."

"म्हंजी दारूच की," आई म्हणाली. "वसरीवर जाळ. सैपाकघरात आणलास तर बघ." गळ्यात लिंग बांधलेल्या बाईनं याहून मोकळीक ती काय द्यावी!

बाटल्या तीन होत्या. एकीत लाकडापासून काढलेलं स्पिरिट, दुसरीत दारूपासून काढलेलं, तिसरीतलं इतकं उग्र की मांजर ओसरी सोडून गेलं. स्पिरिट दिव्यात भरून दिवा तोलायचा, पेटवून तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याखाली ठेवायचा, पाणी किती तापलं ते थर्मामीटरवर पाहायचं आणि दिवा विझवून पुन्हा तोलायचा. जळालं किती आणि पाणी तापलं किती, यावरून कशात उष्णता जास्त ते कळतं. पुस्तकात पहिल्यापेक्षा दुसऱ्यात जास्त, तिसऱ्यात त्याहून जास्त.

दिवा झाकून विझवायची काचेची टोपी कधीच फुटली होती. पहिला दिवा वीरभद्रानं फुंकर मारून विझवला, तशी शांतम्मा कळवळली.

"दिव्याला तोंडाची फुंकर? तुझ्या बापानं कधी मारली व्हती का? तू पाण्याकडं बघ, दिव्याचं मी बघते."

बाप म्हणजे चन्नबसप्पा. ते गेल्यावर त्यांची पितळी भस्माची डबी तेवढी तिनं जिवापाड जपली होती. डबीला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे.

मग दुसरं स्पिरिट झालं, तिसरं झालं. वीरभद्रानं गणित मांडलं आणि कपाळाला हात लावला. सगळं उलटं! दुसरं पहिल्याच्याही खाली, तिसरं त्याच्याही खाली. पाणी बदललं, काटा पुसला, ती दोन्ही पुन्हा केली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दिवा लावला, पाणी तापल्यावर आईनं तो उचलला, पण आता तोलण्यात त्याला राम वाटेना.

"जातो मी मिरच्या जोखायला," असं म्हणून तो वळला, तर कोनाड्यात दिवा निवांत जळत होता.

शांतम्मानं भांड्याखालून काढलेला दिवा विझवलाच नव्हता. आपणहून शांत होऊ दे म्हणून ठेवून दिला होता, आणि मुलानं मागितला की मगच फूल टेकवून मालवत होती. दारूचा म्हणून देवाच्या कोनाड्यात नाही, शेजारच्या. एवढा विवेक मात्र तिनं पाळला होता.

"अव्वा, ह्यो देवाचा दिवा न्हाई! वायाच जळायलाय ना, सगळा हिशोब बिघडतोय!"

"पेटला की दिवाच," ती शांतपणे म्हणाली. पण मुलाचं उतरलेलं तोंड तिनं पाहिलं. ती आत गेली. येताना तिच्या हातात भस्माच्या डबीचं झाकण होतं.

"हे झाक वरून. फुंकर नको अन् जळणं नको."

"अव्वा, दारू लागंल त्याला."

"लागू दे."

झाकण चपखल बसलं. ज्योत जागच्या जागी निवली आणि आकडे पुस्तकासारखे सरळ रांगेत उभे राहिले.

शनिवारीही तसंच झालं. मास्तर दिवा फुंकत का नाहीत, असं साहेबांनी विचारलं. "आमच्या घरी फुंकत नाहीत," वीरभद्र म्हणाला. साहेब हसले. महिनाभरात नोकरी कायम झाली.

वीरभद्रानं झाकण घासूनपुसून परत आणलं. शांतम्मानं ते हातात घेतलं, पदरानं पुसलं आणि पुन्हा त्याच्याच पिशवीत टाकलं. त्या दिवसापासून डबीवर बेलाचं पान असे. वालूरहून आलेल्या जाऊबाईंनी एकदा विचारलंच, "झाकण हरवलं का व बाई?"

"हरवंल कशाला?" शांतम्मा म्हणाली. "त्ये शाळेत नोकरीला हाय."