कडक शॉकअप की मऊ

दहाव्या दिवशी सीना नदीच्या काठावर कावळा पिंडाला शिवत नव्हता. दिराने हात जोडून आमच्या मुलीच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली, मग सासूबाईंच्या औषधपाण्याची घेतली. मी मनातल्या मनात सुचतील ती सगळी वचनं दिली. बाभळीवरचे कावळे जागचे हलेनात. ऊन चढलं. भटजी घड्याळ बघू लागले. तेव्हा गर्दीतून मेस्त्री पुढे आले. मिरजगावात हायवेलगत त्यांचं गॅरेज आहे. नखांत काळं ग्रीस तसंच होतं. पिंडाकडे बघत ते म्हणाले, "सायेब, शॉकअप मी बसवितो. तुमच्या मनात हुते तेच. काळजी करू नगा."

आणि कावळा शिवला.

लोकांनी हुश्श केलं. मागे कुणीतरी पुटपुटलं, "गाडीतच जीव हुता गड्याचा." मी मान खाली घातली. रडू आलं म्हणून नव्हे. चौदा वर्षं संसार मी केला आणि नवऱ्याच्या मनातलं ठाऊक होतं ते या माणसाला. त्या क्षणी मला मेस्त्रींचा मत्सर वाटला, आणि तो नवा नव्हता.

आमची गाडी एकच. सोमवार ते शनिवार नवरा तिच्यातून मला कर्जतच्या कॉलेजात, माझ्या नोकरीच्या ग्रंथालयाच्या दारापर्यंत सोडायचा, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा तीच गाडी पुण्याच्या बाजूला शर्यतीच्या एका ट्रॅकवर नेऊन पळवायचा. त्यामुळे प्रत्येक भाग निवडताना त्याचा आणि मेस्त्रींचा खल चाले. ट्रॅकचे ब्रेक पॅड तापले की घट्ट धरतात, पण सकाळी थंड असताना नुसते घसरतात. रस्त्याचे सकाळी धरतात आणि ट्रॅकवर चार फेऱ्यांत दमतात. दोन्हीकडे चालतील असे शोधण्यात दोघांनी अख्खा पावसाळा घालवला. टायरच्या वेळी तर आमच्या घरचा दिवाळीचा फराळ गॅरेजात संपला. मी रविवारी तिथल्या बाकावर पुस्तक उघडून बसायचे आणि एकच पान तीन-तीनदा वाचायचे, कारण कान तिकडे लागलेले. घरी दोन वाक्यांत जेवण उरकणारा माझा नवरा तिथे तास तास बोलायचा, हातवारे करायचा, मेस्त्रींनी टर उडवली की मोठ्याने हसायचा. ते हसू मी पुस्तकाआडून पाहत असे.

तेराव्यानंतर आठवडाभराने मी गाडी घेऊन गॅरेजवर गेले. लायसन्स होतं, सवय नव्हती; दोनदा बंद पडली. मेस्त्रींनी फळीवरून दोन खोकी काढून पुढ्यात ठेवली. एकात कडक शॉकअप, दुसऱ्यात मऊ. कडक बसवले तर वळणावर गाडी कलत नाही, पण रस्त्यावरचा खड्डा थेट मणक्यात येतो. मऊ बसवले तर मणका वाचतो आणि ट्रॅकवरची मजा जाते.

"यातले कुठले?" मी विचारलं.

मेस्त्रींनी मान खाजवली. "खरं सांगू का वहिनी? ठरलंच नव्हतं."

"पिंडापुढे तर म्हणालात, त्याच्या मनात होते तेच."

"कावळा शिवंना. म्हातारी मानसं उन्हात बसल्याली. मग दिलं ठोकून."

"म्हणजे तुम्ही त्याला फसवलंत?"

"त्यांनी काय मला कमी फशिवलंय व्हय? 'मेस्त्री, उद्या सकाळी येतो' म्हनायचं आन् उगवायचं चार दिवसांनी." ते हसले, आणि लगेच खोक्यावरची धूळ पुसू लागले. "मी म्हनायचो, कडकच टाका. त्यांचाबी जीव कडकमधीच. पन म्हनायचे, तिची पाठ दुखती, रोज बसती ती गाडीत. तिथंच अडलं हुतं."

माझी पाठ दुखते हे मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. उतरताना मी दाराला धरून उभी राहते, ते त्याने पाहिलं असणार. पाहिलं, लक्षात ठेवलं, आणि बोलायला आला इथे. मला म्हणाला असता तर? एकदा, नुसतं, "पाठ दुखते का गं?" दुसरी कुणी ऐकून विरघळली असती. मी जळले.

"कडक बसवा," मी म्हणाले.

"वहिनी, कर्जतचा रस्ता बघताय ना रोज? आन् पाठ?"

"पाठ माझी आहे."

इतके महिने दोघांत चाललेल्या त्या बोलण्यात मला कुणी विचारलं नव्हतं. आता निदान शेवटचा शब्द माझा असणार होता.

काम संपायला दुपार झाली. हात पुसत मेस्त्री म्हणाले, "एक चक्कर मारून बघावी लागंल. द्या चावी."

"मी चालवते. तुम्ही शेजारी बसा."

ते बसले, जिथे मी बसायचे तिथे. आम्ही कर्जतच्या रस्त्याला लागलो. पहिल्याच खड्ड्याला ते "आई गं!" करून वरच्या दांडीला लोंबकळले.

"दमानं, वहिनी! ट्रॅक न्हाई ह्यो!"

"तो माझ्याबद्दल आणखी काय काय म्हणायचा?" मी विचारलं. "पहिल्यापासून सांगा."

त्यांनी दांडी दोन्ही हातांनी धरली. पुढचा खड्डा दिसत होता. मी वेग कमी केला नाही.