हिरवा पडदा, हिरवा चुडा

शहापुरातील त्या स्टुडिओवाल्याचे नाव मी कधी विचारले नाही. संगणक सुरू करण्यापूर्वी तो त्यास हात जोडी, एवढ्यानेच तो मला प्रिय झाला होता.

एकदा सापगावची एक नववधू सासूसह आली. हिरव्या पडद्यापुढे काढलेल्या तिच्या छायाचित्रात मागे देऊळ बसवायचे होते. त्याने हिरवा रंग पुसणारी कळ दाबताच चित्रातला पडदा नाहीसा झाला आणि त्यासोबत तिच्या हातांतील हिरवा चुडाही!

"मेल्या, सुनेचं हात भुंडं केलंस! माझा पोरगा जिता हाय!" सासू कडाडली. सून रडवेली झाली.

"मावशे, मशीनला चुडा नाय कळत. मी हाय ना!" असे म्हणून त्याने मूळ चित्र परत आणले आणि एकेका बांगडीची कड सावकाश कोरून घेतली. मंत्रातील अक्षर जपावे तशी ती निष्ठा मी पाहत राहिलो.

सासूने बोट ठेवून बांगड्या मोजल्या. "पुऱ्या हायत," ती प्रसन्नपणे म्हणाली. "आता माझा पन फोटू काढ. मागं लाल पडदा लाव."

त्याने तिच्या कपाळावरचे ठसठशीत कुंकू पाहिले आणि निळा पडदा सोडला.